अर्ध्या मुदतीची जागा

काळुराम पासष्टीला आला, तरी कल्याणच्या खाडीत होडी दिसली की त्याला धोंडीबा आठवे. मग तो सुनेला, लक्ष्मीला, जुन्या दिवसांचं सांगत बसे.

साल असेल १८७० च्या आसपासचं. तेव्हा खाडीकाठच्या बारा गावांची एक पंचायत होती. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून प्रत्येक गावाला मातीचा बांध असे; कुठल्या गावाचा बांध आधी दुरुस्त करायचा ते तीच ठरवी. चार मोठ्या गावांचे पंच कायमचे. पाचवी जागा फक्त दोन वर्षांची. ती आठ लहान गावांपैकी एकाला मिळे, बाराही गावांच्या मतांनी.

त्या खेपेला काळुरामचा तिवरपाडा उभा राहिला, आणि समोरच्या काठावरचं धोंडीबाचं आंबेखारही. दोघांचेही बांध खचलेले. महिनाभर दोघे गावोगाव फिरले. काळुराम सुकी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, न्यायचा, धोंडीबा काकड्या. या वेळी आम्हाला मत द्या, पुढच्या वेळी आम्ही तुम्हाला देऊ, असं दोघंही सांगायचे. एकाच ओटीवर गाठ पडली की नजर चुकवायचे. एकदा ओहोटीत धोंडीबाची होडी चिखलात रुतली आणि काळुरामने त्याला आपल्या होडीत घेतलं. त्यानंतर मतं मागायला दोघं एकाच होडीतून जाऊ लागले.

पंचायत बसली. सहा गावं इकडे, सहा तिकडे. तीनदा मतं घेतली, तरी तेच. मोठ्या गावांचे पंच म्हणाले, चिठ्ठी टाकू. धोंडीबाने काळुरामला बाजूला नेलं.

"जागा वाटून घेऊ. पयलं वरीस माजं, दुसरं तुजं. मी तुज्या बांदाचं बोलीन, तू माज्या बांदाचं बोल."

"आनि आपापल्या बांदाचं?"

"सोतासाठी मागनाऱ्याचं कोन आयकतो?"

काळुराम कबूल झाला. पहिलं वर्ष सोडलं म्हणून गाव त्याच्यावर चिडलं. बायको सगुणाही चिडली. पण पावसाआधी बारा गावांची माणसं तिवरपाड्याच्या बांधावर माती टाकत होती. पुढच्या वर्षी काळुरामने आंबेखारचा बांध मागितला. मोठ्या गावांनी कुरकुर केली, पण त्याला नाही म्हणणं जड गेलं.

पुढे बांधांचे अर्ज ठाण्याच्या कचेरीत जाऊ लागले आणि पंचायत बसेनाशी झाली. धोंडीबाही गेला.

"मतं मागत फिरलो, म्हनून बारा गावांतली घरं ठाव झाली," काळुराम लक्ष्मीला म्हणाला. "आता कोन कोनाकडं जातं?"

लक्ष्मीने विचारलं, आंबेखारला धोंडीबाचं कुणी आहे का. त्याची लेक रतन आहे, तो म्हणाला, आणि पलीकडच्या काठाला जायला होडीची वल्ही काढू लागला.