सात किलोंचा मान

मित्रांनो, मी एक जुनी पितळी इस्त्री आहे, पोटात कोळसे घेऊन तापणारी. ज्याने मला साच्यात ओतले, त्याने लाकडी मूठ बसवून मला तराजूत टाकले आणि म्हणाला, सात किलो भरली, हिच्यापुढे सुरकुतीची काय बिशाद! तेव्हापासून वजन हाच माझा मान.

माझी मालकीण एका इमारतीच्या जिन्याखाली टेबल लावून लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. वीस वर्षे तिने मला उजव्या हाताने फिरवले. तिचा नवरा समोरच्या लाकडाच्या वखारीत कामाला. तो म्हणायचा, हिच्याशी भांडायची सोय नाही, हातात सात किलो असतात.

मग तिला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेत उजव्या काखेतल्या गाठीही काढल्या. औषधे संपल्यावर डॉक्टर म्हणाले, रोग गेला. घरात सगळ्यांना हायसे वाटले. डॉक्टरांनी तिला एवढेच बजावले, की या हाताने जड उचलू नका, उष्णतेपासून जपा, सूज दाबून धरणारी घट्ट बाही हातावर चढवा, नाहीतर हात सुजेल आणि मग सहजी उतरायचा नाही. जड आणि गरम, म्हणजे मीच की!

पंधराव्या दिवशी ती टेबलाशी उभी राहिली. गिऱ्हाईक तुटले तर खायचे काय? हळूहळू हात सुजला. बांगडी रुतू लागली, तेव्हा साबण लावून काढली. दोन वर्षांत बाही धुऊन धुऊन जुन्या मोज्यासारखी सैल झाली. नवऱ्याने विचारले, की बरी आहे म्हणायची. तिची पकड ढिली होत चाललेली मला कळत होती, पण पितळेला वाचा कुठली? शेवटी तिने मला डाव्या हातात घेतले आणि शर्टांच्या घड्या उलट्या पडू लागल्या.

दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई तसा एक शर्ट घेऊन तक्रार करायला आल्या. तिचा हात पाहताच तक्रार बाजूलाच राहिली. मग त्यांनी आपला हात पुढे केला. त्यावरही घट्ट बाही होती, पण कोरी.

"माझंही तेच झालं होतं, ताई. शाळेनं मला सहा महिने रजा दिली. तुम्ही किती दिवस बसलात?"

"पंधरा. बसून बसून कंटाळले, बाई."

ती हसली, पण डोळे भरून आले.

बाईंनी आपली जादा बाही आणून दिली, ती हिच्या दंडावर चढेना. मग तिला दवाखान्यात नेऊन मापाची करवली आणि नवऱ्याला सगळे समजावले. रोग गेला म्हणजे संपले, असे तो बिचारा धरून चालला होता.

दुसऱ्या दिवशी वखारीत जाण्याआधी त्याने मला उचलले आणि पहिलाच शर्ट जाळला. नशीब, स्वतःचाच होता.

"वीस वर्षांत एक डाग पाडला नाही मी. आणा इकडे."

"तू पाणी शिंपड आणि घड्या घाल. हिला हात लावायचा नाही."

आता कपडे थोडेच होतात. घरात ओढाताण आहेच.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूने 'मला जपा' म्हणायचे असते. मला नका जपू. आजारातून उठलेल्या माणसाला बरे आहे ना, एवढेच विचारून थांबू नका. त्याच्या हातात काय आहे, तेही बघा आणि जड असेल तर आपल्या हातात घ्या.

तिची बांगडी माझ्या फळीच्या खिळ्याला टांगलेली आहे. रोज ती घालून बघते. काल अंगठ्याच्या सांध्यापर्यंत आली.