हिरव्या पानाचा शिक्का

मी एक जुनी मशीन आहे, मित्रांनो. टॉयलेट पेपरचे रोल गुंडाळते. हसू आलं असेल तर हसून घ्या, मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्याचं वाईट वाटतं, ते सांगायलाच बसले आहे.

माझा जन्म मेदेयिन शहरातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मला ट्रकमध्ये घालून पोपायान शहराच्या वर, डोंगरातल्या एका लहान गावात आणलं. मालकाचं नाव आब्सालोन मुन्योस. एक पत्र्याची शेड, मागे लगद्याचा मोठा हौद आणि हौदाशेजारी रद्दीची खोली, एवढाच त्याचा पसारा. गावोगावची रद्दी तिथे यायची. जुन्या वह्या, वर्तमानपत्रं, न लागलेली लॉटरीची तिकिटं. आठ बाया बसून त्यातल्या टाचण्या, तारा, प्लास्टिक वेगळं काढायच्या. मग ती रद्दी हौदात भिजायची, तिचा लगदा व्हायचा, लगद्याचा राखाडी कागद व्हायचा आणि तो माझ्याकडे यायचा. मी त्याला ओळीने भोकं पाडायची, गुंडाळायची, कापायची. खाणावळींसाठी हात पुसायचे कागदही मीच कापायची.

त्या आठ जणींत एर्मेलिंदा होती. नवरा वारला तेव्हा पदरात दोन मुली घेऊन ती कामाला लागली. तिची बोटं फार हुशार. तरी कधी एखादी टाचणी सुटायची, माझ्या पात्यात अडकायची आणि मी खाडकन थांबायची.

"रुसल्या बाईसाहेब!" एर्मेलिंदा ओरडायची. "अगं, एवढ्याशा टाचणीवरून अडून बसतेस होय!"

सगळ्या हसायच्या. मलाही ते आवडायचं.

आमचा कागद खरखरीत होता, हे खरं आहे. कधीकधी त्यावर एखादं अक्षर तसंच राहून जायचं. मंगळवारच्या बाजारात लोक मालकाला टोचून बोलायचे, "आब्सालोन, हा पुसायचा कागद आहे की दार घासायचा?" शहरातून पांढरेशुभ्र, मऊ रोल येऊ लागले आणि आमचे दुकानातच पडून राहू लागले. मग एके दिवशी मालकानेही तयार पांढऱ्या कागदाचे मोठमोठे रोल आणले. ते निलगिरीच्या लाकडाच्या लगद्याचे होते. त्यात टाचणी नाही, तार नाही. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत न अडखळता धावले. मालकाने माझ्या अंगावर थाप मारली आणि म्हणाला, "आता कशी शहरातल्यासारखी चाललीस!"

मित्रांनो, मी त्या दिवशी फुलून गेले होते. हौद कोरडा पडला, सात बाया घरी गेल्या, त्या जाताना माझ्याकडे बघत होत्या. आणि मी मात्र माझ्या मऊ कागदात दंग होते. एर्मेलिंदाला मालकाने मला चालवायला ठेवलं, म्हणून ती राहिली.

पुढे गावात निराळंच बोलणं सुरू झालं. समोरच्या डोंगरावरचं जुनं रान तोडून तिथे कागदाच्या लाकडासाठी निलगिरीच्या रांगा लावल्या होत्या. तेव्हापासून खालचे झरे आटत चालले, असं लोक म्हणत. एर्मेलिंदाच्या माहेरचा झरा तर पार कोरडा झाला होता. शाळेतल्या नूबियाबाईंनी ठरवलं, की शाळेत यापुढे रद्दीपासून केलेलाच कागद वापरायचा. "पुसून फेकायच्या गोष्टीसाठी उभं झाड कशाला पाडायचं?" त्या म्हणाल्या. मुलं घरोघर फिरून आमच्यासाठी रद्दी गोळा करू लागली. शाळेचं बघून खाणावळी आल्या, दवाखाना आला. सगळ्यांना आमचा रद्दीचाच कागद हवा.

मालकाचा चेहरा खुलला. पण रद्दी निवडायला बाया लागतात, हौद चालवायला माणसं लागतात. त्यापेक्षा हौद पुन्हा सुरू केल्याचं त्याने गावात सांगितलं आणि एक शिक्का करून आणला. एक हिरवं पान आणि खाली अक्षरं : "जुन्या कागदापासून. एकही झाड न तोडता." तो शिक्का त्याने माझ्या हाताला बसवला. रोल तोच पांढरा, फक्त वरून मळकट तपकिरी वेष्टन.

एर्मेलिंदाने विचारलं, "मालक, पण आत तर..."

"आत काय आहे ते कोण बघतंय? पांढरा कसा म्हणून विचारलं, तर लगदा धुऊन घेतो म्हणून सांगू. लोकांना पान बघून बरं वाटतं ना? वाटू दे की."

"पोरांनी आणलेली रद्दी?"

"राहील खोलीत. खायला मागते का ती?" मग आवाज बारीक करून तो म्हणाला, "बाई, नवरा गेला तेव्हा दारात कुणी उभं केलं होतं तुला? दाब बटण."

तिने बटण दाबलं. माझा हात खाली आला. धप्. पुन्हा वर, पुन्हा खाली. मित्रांनो, टाचणी अडकली तर मी थांबायची. त्या दिवशी एवढी मोठी लबाडी माझ्या हातातून गेली आणि मी एकदाही थांबले नाही. थांबणं यंत्राच्या हातात नसतं, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं आहे. त्याने समाधान होत नाही.

काही महिन्यांनी नूबियाबाई वर्ग घेऊन शेड बघायला आल्या. मालकाने मुलांना गुळाचं पाणी दिलं, पाव दिले, पण मागच्या बाजूला कुणाला जाऊ दिलं नाही. दायाना नावाची एक मुलगी माझ्यापाशी उभी राहिली. तिच्या हातात गणिताची वही होती. ती तिने एर्मेलिंदाला दिली.

"हिचा रोल झाला की मला कळेल का हो, मावशी? कोपऱ्यावर मी फूल काढलंय."

एर्मेलिंदा म्हणाली, "कळेल की."

"आमच्या आजीकडचं पाणी गेलं. म्हणून मी सगळ्यात जास्त रद्दी आणली."

एर्मेलिंदाने मान वळवली आणि माझ्या पट्ट्याशी उगाच खुडबुड करत राहिली.

पावसाळ्यात रद्दीच्या खोलीचा पत्रा गळू लागला. एर्मेलिंदा बादली ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात ती वही होती. पानं फुगलेली, बुरशीने काळी पडलेली. कोपऱ्यावरचं फूल मात्र दिसत होतं. तिने माझं बटण बंद केलं, वही छातीशी धरली आणि भर कामाच्या वेळी शाळेकडे चालू लागली.

थोड्या वेळाने ती नूबियाबाईंना घेऊन परतली. दोघी सरळ मागे गेल्या. कुजलेल्या वह्यांचा छातीएवढा ढीग बघून बाई खालीच बसल्या.

मालक धावत आला. "घर बुडवलंस माझं! जेवलीस त्याच ताटात थुंकलीस!"

"थुंकले," एर्मेलिंदा म्हणाली. "पण आधी वर्षभर पोरांच्या तोंडावर थुंकत होते. शिक्का माझ्या हाताने मारलाय, मालक. तुमच्या एकट्याचं पाप नाही."

तिचं काम गेलं. शाळेने, मग बाकीच्यांनीही कागद घेणं बंद केलं. पण विकलेले रोल घराघरांत होते. त्यामुळे दर मंगळवारी एर्मेलिंदा बाजारात उभी राहू लागली. येईल त्याला सांगायची, "ते पान खोटं आहे. मीच मारलंय." कुणी ऐकून घ्यायचं. कुणी म्हणायचं, "एवढे दिवस झोपली होतीस काय गं?" त्यावर ती म्हणायची, "जागी होते. तेच तर सांगतेय." बटाटे विकणाऱ्या एका बाईने तिच्या अंगावर रोल फेकून मारला. तो उचलून तिने टोपलीत ठेवला आणि पुढच्या माणसाला सांगू लागली.

वर्षभराने मालकाला शेड चालवणं जमेना. एर्मेलिंदा आणि कामावरून गेलेल्यांपैकी चौघींनी मला आणि हौदाला भाड्याने घेतलं. शिक्का त्यांनी भंगारात घातला. कागद पुन्हा राखाडी झाला. थोडा खरखरीत आहे, पण पूर्वीपेक्षा बरा. डोंगरावर निलगिरी अजून उभी आहे. झरे परत आले नाहीत. मी किती झाडं गुंडाळली, हे मला कधीच कळणार नाही.

पहिला रोल एर्मेलिंदाने दायानाला दिला. ती आता उंच झाली आहे. तिने तो हातात घेतला नाही.

"ह्यात खरंच रद्दी आहे?" तिने विचारलं.

 एर्मेलिंदाने तिला मागे नेलं, हौदातला लगदा दाखवला, ओंजळीत घेऊ दिला. मग दायानाने रोल घेतला. मित्रांनो, तेव्हापासून ती जेव्हा जेव्हा येते, तेव्हा आधी हौद बघते आणि मगच कागद नेते. दर वेळी मला लाज वाटते, आणि दर वेळी वाटतं, हिचं बरोबर आहे.

तुम्हीही तसंच करा. फडक्याने भागत असेल तर कागद घेऊच नका. घ्यावाच लागला, तर वरचं हिरवं चित्र बघून खूश होऊ नका. तो कशाचा आहे, कुठून आला, हे विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत दुकानात उभे राहा. आमच्या दारात तसं कुणी एक जण जरी उभं राहिलं असतं, तर माझा हात वरच्या वर थांबला असता.