चूक, व्हेल्डाच्या नावावर

व्हेल्डा दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर चढली आणि धापा टाकतच बेसबॉलच्या मैदानावरच्या गुणलेखकाच्या लाकडी खोपटात घुसली. मांडी चांगलीच खरचटली होती. खेळायचं मातीत आणि गणवेश म्हणून द्यायचा स्कर्ट, दुसरं काय होणार!

"मिस्टर टटल, तो फटका खोडा. माझी चूक लिहा."

म्हाताऱ्या टटलनी चष्म्यावरून पाहिलं. "ऊन लागलं का तुला? इथे सगळ्याजणी चुका खोडून घ्यायला येतात. एकीनं तर केक आणला होता."

"मीही आणते केक. पण लिहा."

शेवटच्या डावातला तो एकच चेंडू, व्हेल्डाच्या हातमोज्याला चाटून गेलेला. तो फटका मानला नाही, अडवणारीची चूक मानली, तर अर्मानं चेंडू टाकताना अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही फटका मिळू दिला नव्हता. अर्माचा नवरा प्रशांत महासागरात युद्धनौकेवर होता. 'असा एक तरी सामना खेळीन आणि पेपरातला गुणांचा तक्ता कापून पाठवीन,' असं तिनं त्याला निघताना सांगितलं होतं. सगळ्या संघाला ते तोंडपाठ होतं.

"आणि तुझं काय?" टटल म्हणाले. "एका जागेला तुम्ही दोघी अडवणाऱ्या, तू आणि ती दुसरी. सोमवारी मॅनेजर एकीला घरी धाडणार. मटारचे डबे भरायला जाशील परत कारखान्यात."

"मला आवडतात मटार." व्हेल्डानं हातमोजा काखेत घट्ट दाबला.

"चेंडू खड्याला लागून उडाला, पोरी. मी पाहिलं ना. फटकाच तो."

"खडा कुठला! मी चेंडूकडे बघतच नव्हते!" व्हेल्डा बोलून गेली. "फाटकाशी टॅक्सी थांबली. क्लेम उतरला. मला वाटलं, माझ्या भावाची..."

गावात कुणी लढाईत गेल्याच्या लष्कराच्या तारा क्लेमच आपल्या टॅक्सीतून पोचवायचा. त्याची गाडी गल्लीत शिरली, की बायका पडद्याआड उभ्या राहून ती पुढे जायची वाट बघायच्या.

टटलनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

"खडा मी पाहिला नाही," ते म्हणाले. "मीसुद्धा फाटकाकडेच बघत होतो. माझा रॉय इटलीत आहे."

त्यांनी खोडरबर उचललं.

कर्ण्यावरून घोषणा झाली तेव्हा व्हेल्डा खिडकीशी होती. खाली पोरींनी अर्माला खांद्यावर घेतलं. व्हेल्डानं नाक बाहीला पुसलं आणि जिना उतरली.

दुसऱ्या सामन्याला अजून वेळ होता. क्लेम कुणाचीच तार घेऊन आला नव्हता. सुट्टी होती, म्हणून खेळ बघायला आला होता. खचाखच भरलेल्या बाकांवर त्याच्या दोन्ही बाजूंची जागा तेवढी रिकामी. टॅक्सीवाल्याची टोपी त्यानं मांडीखाली दडवली होती. हातातला सॉसेजचा पाव तसाच होता.

"सरका की, क्लेमकाका."

तो दचकला. "बस ना. इथे कुणीच नाहीये."

ती बसली, त्याच्या पावाचा अर्धा तुकडा मोडून घेतला. क्लेमनं मैदानाकडे बोट केलं.

"तो चेंडू... माझ्यामुळे सुटला का गं?"

"वा रे वा! माझी चूक आहे ती," व्हेल्डा भरल्या तोंडानं म्हणाली. "उद्या पेपरात बघा. माझ्याच नावावर छापून येणारे."