चार कोरड्या सकाळी

जयंतीची फिट थांबून दीड महिना झाला होता. खरं तर सुलक्षणाने हुश्श म्हणायला हवं होतं. पण तिचा सगळा जीव लेकीच्या अंथरुणात अडकला होता.

जयंती नऊ वर्षांची. आधीच्या गोळीने ती वर्गात पेंगायची आणि फिटही पुरती थांबत नव्हती, म्हणून शहाऐंशीच्या जूनमध्ये हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलून दिली. सकाळी एक, जेवल्यावर एक. फिट गेली, पेंगही गेली. पण तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी गोधडी ओली निघाली. दोन दिवसांनी परत. मग वरचेवर. तीन वर्षांची झाल्यापासून जिने कधी अंथरूण खराब केलं नव्हतं, ती पोर.

मुलुंडच्या त्या तीन मजली इमारतीत सुलक्षणाने याचा पत्ता कुणाला लागू दिला नाही. नवरा, दत्ताराम, कारखान्यात गेला की ती दार लोटून घ्यायची, मोरीत गोधडी धुवायची आणि घरातच दोन खुर्च्यांवर टाकून टेबलफॅन तिच्याकडे वळवायची. पावसाळी हवेत ती धड वाळायची नाही. खोलीत एक आंबूस वास साचला होता, फिनेलने तो जात नव्हता.

"डॉक्टरबाईंच्या कानावर घालूया का?" दत्तारामने एकदा विचारलं.

"काय घालू? एवढी घोडी झाली नि अंथरुणात करते म्हणून? फिटवाली पोर म्हणून आधीच लोक बघतात तिच्याकडे. आता हे आणखी नको."

तिने स्वतःच इलाज सुरू केले. चार वाजल्यानंतर पाणी बंद. झोपताना दोनदा मोरीत पाठवायची. जयंती कोरड्या ओठांनी झोपायची आणि तरी सकाळी भिजलेल्या परकरात भिंतीला पाठ लावून उभी असायची. रडायची नाही. तेच सुलक्षणाला जास्त झोंबायचं.

एका सोमवारी तिचा तोल गेला. लागोपाठ नववा दिवस होता तो. तिने जयंतीच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि म्हणाली, "थांब, आज गॅलरीतच टाकते तुझी गोधडी. बघू देत सगळ्यांना. मग येईल लाज!"

आणि तिने खरंच टाकली. शेजारच्या रुक्मिणीबाई थांबल्या, गोधडीवरचा पिवळा डाग बघून हसत म्हणाल्या, "काय गो सुलक्षणा, घरात बाळ-बीळ इला काय?"

सुलक्षणा आत वळली. जयंती दप्तर पाठीला लावून मागेच उभी होती. तिने ते ऐकलं, चपला घातल्या आणि जिना उतरून शाळेत गेली.

दुसऱ्या दिवशी अंथरूण कोरडं. तिसऱ्या दिवशीही. सलग चार सकाळी कोरड्या. "बघितलंत?" सुलक्षणा नवऱ्याला म्हणाली, "लाज वाटली की सुधारतात मुलं." त्या शुक्रवारी तिने कौतुकाने शिरा केला.

शनिवारी शाळेचा शिपाई धावत आला. प्रार्थनेला उभी असतानाच जयंती कोसळली होती. पायरीवर हनुवटी फुटली, जीभ चावली गेली. हॉस्पिटलात तीन टाके पडले. मग डॉक्टरीणबाई आल्या.

"गोळी चुकली होती का?"

"नाही हो, बाई. दोन्ही वेळा मी माझ्या हाताने देते."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग जयंतीच्या शेजारी बसल्या. "तू गिळतेस ना गं?"

जयंतीला नीट बोलता येत नव्हतं. "गालात ठेवते," ती म्हणाली. "मग मोरीत थुंकते. सोमवारपासून."

"का?"

"गोळी घेतली की अंथरूण ओलं होतं. आधी कधी व्हायचं नाही. गोळी बदलल्यावरच व्हायला लागलं."

सुलक्षणाला आपल्या कानांवर विश्वास बसेना. नऊ वर्षांच्या पोरीने जे ताडलं होतं, ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"बरोबर ओळखलंस," बाई म्हणाल्या. "काही मुलांना या गोळीने होतं तसं. त्यात तुझी काही चूक नाही. पण गोळी अशी एकदम सोडायची नाही, हं. आपण वाटलं तर बदलू." मग त्या सुलक्षणाकडे वळल्या. "कधीपासून होतंय हे? मला सांगितलं का नाहीत?"

"लाज वाटली," सुलक्षणा म्हणाली. पुढचं, धपाट्यांचं आणि गॅलरीचं, तिच्या तोंडून निघालं नाही. जयंतीनेही ते सांगितलं नाही. तिने सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं सुलक्षणाला वाटत राहिलं.

बाहेरच्या बाकावर केसपेपरची वाट बघताना ती लेकीला म्हणाली, "चुकलं गं माझं. मारायला नको होतं."

जयंतीने मान हलवली. "पाणी पिऊ?" तिने विचारलं.

सुलक्षणाने नळावरून बाटली भरून आणली. जयंतीने ती एका दमात रिकामी केली.

बाईंनी महिनाभरात हळूहळू गोळी बदलली. भिजणं कमी होत गेलं, पण पूर्ण थांबायला नवरात्र उजाडलं. मधल्या तपासणीला बाईंनी विचारलं, "या पंधरा दिवसांत किती वेळा झालं?"

सुलक्षणा आकडा सांगणार होती. मग म्हणाली, "तिलाच विचारा, बाई. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

जयंतीने आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नीट, थोडा वेळ. सुलक्षणाला ती नजर सहन झाली नाही, पण तिने मान वळवली नाही. मग जयंती म्हणाली, "तीनदा."