थंडी वाजते म्हणाली म्हणून

मित्रांनो, केंदूरच्या एका गोठ्यात, कडबाकुट्टीच्या मागे, तीन पायांची गंजलेली शेगडी पालथी पडलेली दिसली तर ती मी. माझ्यावर आता कोंबड्या बसतात. बसू द्या. पण एके काळी माझा केवढा तोरा होता!

यवतच्या एका लोहाराने मला जाड पत्र्यातून घडवले. धुरपदाबाईंनी मला माहेराहून इथे आणले आणि सून सिंधूबाई बाळंत झाली तेव्हा पहिल्यांदा बाजेखाली ठेवले. गोवऱ्यांचे निखारे, वर चिमूटभर ओवा, बाळंतशोपा, लसणाची सालं. तो वास घरभर पसरला की दुखऱ्या कमरेला आराम पडायचा, बाई गाढ झोपायची. सिंधूबाईच्या कुशीतली मोनाली माझ्या उबेतच मोठी झाली. "धुरपदाबाईंची शेगडी द्या की चार दिवस," म्हणत आख्ख्या आळीतून निरोप यायचे. मला त्याचा फार अभिमान वाटे, आणि तो मी लपवतही नसे.

मग धुरपदाबाई गेल्या. गावात गोळ्या आल्या, गॅस आला, मी माळ्यावर गेले. मोनाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा सिंधूबाईने मला खाली काढून राखेने घासले. मी इतकी खूश झाले होते म्हणून सांगू!

बाळंतपण दवाखान्यात झाले, मुलगा झाला, टाके पडले. घरी पाठवताना डॉक्टरांनी दुखण्याच्या आणि जखम पिकू नये म्हणूनच्या, अशा दोन्ही गोळ्या दिल्या होत्या. सिंधूबाईने त्या देव्हाऱ्यामागे ठेवून दिल्या.

"आई, पोट लई दुखतंय. एक गोळी दे ना," मोनाली म्हणायची.

"गोळ्यांनी दूध आटतं, बाई. तुझ्या आजीनं मला नुसती शेकून उभी केली. कळ काढ जरा."

आणि मला बाजेखाली सारायची. वाईट हेतू नव्हता हो तिचा. लेकीवर तिचा फार जीव होता. तिला आपल्या सासूसारखे करायचे होते, एवढेच.

एका दुपारी गावची आशा सेविका सुवर्णा बाळाचे वजन करायला आली. मोनालीच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "काकू, अंग गरम लागतंय हिचं."

"व्हय, आत्ताच शेकलंय की. निखारं अजून लाल हायत बघा."

सुवर्णाने वाकून माझ्याकडे पाहिले. मी खरेच लाल होते. तिला पुढच्या वस्तीवर जायचे होते. "मग शेक उतरल्यावर उद्या बघते," म्हणून ती गेली. मित्रांनो, मी फक्त कंबर शेकत होते, कपाळापर्यंत माझी धग पोचतच नव्हती. पण शेगडीला कोण विचारणार?

संध्याकाळ व्हायच्या आत मोनाली कुडकुडायला लागली. "आई, थंडी वाजतीय गं."

थंडी वाजते म्हटल्यावर आई काय करणार? तिने वाकळ घातली आणि माझ्यात आणखी गोवऱ्या घातल्या. मोनालीचे दात वाजत राहिले, सिंधूबाई निखारे फुंकत राहिली. जखम आत पिकली होती. ती थंडी नव्हती, चढत्या तापाची हुडहुडी होती, आणि त्यावर आम्ही दोघी मिळून आणखी आग ओतत होतो. मी कधी नाही इतकी फुलले होते. त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नाही.

मोनालीचे वडील संपत शेतातून आले, लेकीची तापातली बडबड ऐकली आणि तिला उचलून गाडीत घातले. शिरूर, तिथून पुणे. मोनाली परत आली नाही. तिचा मुलगा दौंडला, सासरच्या आजीकडे वाढतो आहे. सिंधूबाईने मला गोठ्यात फेकले. देव्हाऱ्यामागच्या गोळ्या मात्र तिने अजून फेकलेल्या नाहीत.

गेल्या महिन्यात धाकटी लेक वैष्णवी बाळंतपणाला आली. आता सिंधूबाई वेळच्या वेळी गोळ्या देते, काखेत थर्मामीटर लावून खिडकीशी नेऊन पाहते. पण लेकीजवळ फार वेळ बसत नाही. परवा वैष्णवीचा आवाज गोठ्यापर्यंत आला, "आई, गोळी घेतली, ताप न्हाई. कंबरेला शेक चालतो म्हणाल्यात डॉक्टर. शेगडी आण की."

सिंधूबाई आली. कोंबडी हुसकावली, मला उचलायला वाकली, आणि बोटे लागताच तिने चटका बसावा तसा हात मागे घेतला. मी कित्येक वर्षांची गार होते, मित्रांनो. ती तशीच आत गेली, रिकाम्या हाताने.

माझी ऊब वाईट नाही. दुखऱ्या कमरेला ती बरी वाटते. पण तुमच्या घरातली बाळंतीण थंडी वाजते म्हणाली तर निखारे आणायला धावू नका. आधी ताप पाहा, गाडी काढा, दवाखाना गाठा. दिलेली गोळी लपवू नका. माझे काय, मी इथे गोठ्यात पडून राहीन. गार राहायची मला आता सवय झाली आहे.