वेराच्या पायांचा जोड

मित्रांनो, मी बॅलेच्या बुटांचा एक जुना जोड आहे. एके काळी मी गुलाबी होतो, आता पिवळट पडलो आहे. माझ्या टोकांत कापड आणि खळीचे थर घट्ट बसवलेले आहेत, म्हणून तर नाचणारी मुलगी अंगठ्यांवर उभी राहू शकते. हल्ली मला पाहून लोक 'किती क्यूट' म्हणतात. मला राग येतो. मी कामाची वस्तू आहे.

चीनमधल्या हार्बिन शहरात एका रशियन कारागिराने मला शिवले. माझी मालकीण वेरा तेव्हा सतरा वर्षांची होती. तिचे कुटुंब जहाजाने सिडनीला आले, तेव्हा तिने मला लोकरी मोज्यांत गुंडाळून आणले. तिथल्या रशियन क्लबात ती नाचली की लोक उभे राहून टाळ्या वाजवत. मी हुरळून जात असे, खोटे कशाला बोलू?

तिचे वडील मात्र कधीच आले नाहीत. ते चर्चमध्ये प्रार्थना वाचत. माणूस दुष्ट नव्हता; वेरा आजारी पडली की स्वतः सूप भरवत. पण नाच म्हणजे पाप, यावर ते ठाम होते. राजाच्या मेजवानीत एक मुलगी नाचली आणि त्यापायी संत योहानाचे मस्तक उडवले गेले, हे ते वारंवार सांगत. त्या संताच्या स्मरणदिनी घरात कोबीसुद्धा कापू देत नसत, कारण तो डोक्यासारखा गोल! एकदा ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपवासात वेरा नाचली आणि त्यांनी तिच्याशी बोलणेच टाकले. पुढे ते अंथरुणाला खिळले, तेव्हा वेराने पुन्हा न नाचण्याचा शब्द दिला. मला फेकून देणे मात्र तिच्याच्याने झाले नाही. चादरींच्या कपाटात, सर्वांत खाली, मी चाळीस वर्षे पडून राहिलो.

मग सिडनीत शिकायला येणाऱ्या मुलांची रीघ लागली. वेराने वेस्टमीड उपनगरातल्या आपल्या घरातली खोली पुण्याच्या चारुताला भाड्याने दिली. चारुता दिवसा युनिव्हर्सिटीत जाई, संध्याकाळी ऑफिसे झाडी. ती कथक शिकलेली होती, घुंगरू सोबत घेऊन आली होती. ब्लँकेट शोधताना तिला मी सापडलो.

दसऱ्याला वेरा बाहेर गेली होती. हॉलच्या कोपऱ्यात तिच्या देवाच्या तसबिरी होत्या. देव तिथे आयतेच आहेत, असे म्हणून चारुताने खाली रुमाल अंथरला आणि लॅपटॉप, घुंगरू व मला मांडून हळदकुंकू वाहिले.

वेरा आली ती दारातच थिजली.

"सॉरी आंटी," चारुता गडबडली. "आज आम्ही कामाच्या वस्तूंची पूजा करतो."

"नाचाच्या बुटांची?"

"हो. नाच म्हणजे देवाचंच काम ना?"

वेरा मटकन खाली बसली. मला मांडीवर घेऊन रडली. मग डोळे पुसून तिने पायातल्या सपाता काढल्या, माझ्या फिती सरळ केल्या. आता ती मला घालणार! चाळीस वर्षे मी एवढ्याचीच वाट पाहत होतो.

तेवढ्यात तिचा भाऊ फ्योदर आला, वडिलांसारखाच कडक. त्याने कोपऱ्याकडे पाहिले, मग तिच्या मांडीकडे.

"हे कोणाचं?"

वेराने मला मांडीवरून खाली ठेवले. "ह्या मुलीचं," ती म्हणाली. "माझं नाही."

मित्रांनो, कपाटातल्या साऱ्या वर्षांत मला इतके दुःख झाले नव्हते.

चारुताने तिला खोटे पाडले नाही, मला उचलून आपल्या खोलीत नेले. पंधरवड्यात मला घेऊन तिने खोली सोडली. वेराने निरोप दिला, पण माझ्याकडे पाहिले नाही. पुढच्या हिवाळ्यात वेरा वारल्याचे फोनवर कळले.

आता मी दुसऱ्या शहराच्या टोकाला, टार्निट उपनगरात, चारुताच्या घरी असतो. आधी पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मग नोकरी, मग रोजचा लांबचा प्रवास. तिने घुंगरू परत बांधले नाहीत. देवघराशेजारी काचेच्या पेटीत आम्ही दोघे आहोत. दर दसऱ्याला कुंकू लागते.

गेल्या दसऱ्याला तिच्या आठ वर्षांच्या लेकीने, ओवीने, हळूच माझ्यात पाय घातला. इवलासा, गरम पाय. मी सुखावलो.

"ओवी, पाय काढ!" चारुता ओरडली. "पूजेतले आहेत ते!"

"बट मम, दे आर शूज!"

चारुताने मला पुसले, नमस्कार केला आणि पेटी बंद केली.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी वस्तू असेल, तर तिला जपू नका एवढे. वापरा, झिजवा, फाटली तर फाटू द्या. ओवी खरे तेच बोलली होती.