धम्मपालच्या घरकर्जाची चौकशी

भांडण व्याजावरून लागलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या व्याजावरून. कर्ज हवं होतं धम्मपालला, पण त्याचा दर ठरवायला अख्खा दुसरा मजला गॅलरीत जमला होता. भोईवाड्यातली आमची चाळ ही अशीच. इथं कुणी घरात शिंकलं तर चार दारांतून औषध सुचवतात. मग घरासाठी कर्ज काढायचं म्हटल्यावर लोक गप्प बसणार कसे?

चंपामावशी म्हणत होती, व्याजाचा दर बांधलेला घ्यावा, म्हणजे वीस वर्षं डोक्याला ताप नाही. लहूचं म्हणणं उलट. बांधलेल्या दरात बँक आधीच आपला फायदा काढून बसलेली असते, म्हणून बदलता घ्यावा. लहू बसवर कंडक्टर. सुट्ट्या पैशांपलीकडे त्याने कधी कुणाशी व्यवहार केलेला नाही, पण त्या दिवशी तो देशाची तिजोरी सांभाळत असल्यासारखा बोलत होता. जिन्याच्या तोंडाशी स्टुलावर बसलेले सीतारामबाबा तेवढे वेगळंच बोलले. कर्जच काढू नका, आहे ती खोली काय वाईट आहे? त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

खरा अभ्यास होता धम्मपालच्या बायकोचा, अक्षताचा. बँकाबँकांत फिरून तिने दर विचारले होते. मुदत लांबवली तर हप्ता हलका होतो पण व्याज फुगतं, आणि दोघांच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर हप्ता गेला तर घरात भांडणं होतात, हे तिने नीट समजून घेतलं होतं. एका बँकेत महिनाअखेरपर्यंत अर्धा टक्का सूट होती. अर्धा टक्का ऐकायला चिल्लर वाटतो, पण वीस वर्षांत त्यात लेकीच्या, ओवीच्या कॉलेजची फी निघत होती. शिवाय बदलापूरला पाहिलेल्या घराचा बिल्डरही महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. तोवर कर्ज मंजूर झालं नाही तर सूट जाणार आणि घरही जाणार. ओवी यंदा दहावीला, आणि अभ्यास गॅलरीत, लोकांच्या पायांत बसून. अक्षताचा जीव त्या घरात अडकला होता तो उगीच नाही.

अर्ज गेला. बँकेने सांगितलं, आमचा माणूस पत्त्यावर चौकशीला येईल. ही गोष्ट अक्षताने नवऱ्याला सांगितली, पण चाळीला सांगायची राहून गेली. तिथेच सगळं बिघडलं.

कारण आमच्या चाळीची एक जुनी रीत आहे. गिरणीच्या संपानंतर घरोघरी हप्त्यावरचे पंखे आणि टीव्ही होते, आणि हप्ते भरायला दमडी नव्हती. वसुलीवाला फाईल घेऊन जिना चढला की पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत उत्तर एकच, असा कुणी इथं राहत नाही. आपला माणूस बाहेरच्याच्या हवाली करायचा नाही. पंखे भंगारात गेले, तरी रीत शिल्लक आहे.

त्या दुपारी धम्मपाल ड्युटीवर होता, अक्षता ऑफिसात. काखेत फाईल घेतलेला एक घामाघूम माणूस वर आला आणि त्याने सीतारामबाबांना धम्मपालचं नाव विचारलं. बाबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, फाईलकडे पाहिलं.

"असा कुनी हितं ऱ्हात न्हाय."

माणूस म्हणाला, लाइटबिल तर इथलंच आहे. चंपामावशी दारातूनच मदतीला आली. तिने सांगितलं, तो खोली सोडून गेला, त्याला वर्षं झाली. माणूस तरी हलेना. तेवढ्यात लहू पाळी संपवून आला. त्याने फाईल पाहिली, दोघांचे चेहरे पाहिले आणि धम्मपालला कायमचं सोडवायचं ठरवलं. त्याने हात जोडले.

"साहेब, वारला तो."

माणसानेही हात जोडले. चंपामावशीने दिलेलं पाणी प्यायला, फाईलमध्ये काहीतरी लिहिलं आणि पाय न वाजवता खाली उतरला. तिघंही स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी अक्षताला ऑफिसात बँकेतून फोन आला. पलीकडची मुलगी हळू आवाजात म्हणाली, मॅडम, सरांचं कळलं, फार वाईट झालं, फाईल आम्ही बंद करतोय. सकाळीच तर धम्मपाल डबा घेऊन गेला होता. तिने लगेच त्याला फोन लावला. धम्मपाल परळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे.

"रक्त काढतोय गं, नंतर बोलतो," तो म्हणाला.

ती आधी रडली, आणि मग तिला जो राग आला तो संध्याकाळी चाळीने पाहिला. लहू मोरीत जाऊन बसला. चंपामावशीने दार लोटलं. सापडले ते सीतारामबाबा, कारण त्यांचे गुडघे दुखतात.

"बाबा, तो वसुलीवाला नव्हता," धम्मपाल म्हणाला. "कर्ज देणारा होता."

"त्योच असतो," बाबा म्हणाले. "आदी द्याया येतो, मंग घ्याया येतो."

धम्मपाल बँकेत गेला. साहेब सज्जन होते, पण अडचणीत होते. तुम्ही समोर बसलाय हे मला दिसतंय, ते म्हणाले, पण अहवालात तुम्ही नाही आहात. शेजाऱ्यांनीच पुन्हा ओळख पटवायला हवी. महिन्याचा एकच दिवस उरला होता. साहेबांनी दुसऱ्या माणसाला सकाळीच पाठवतो म्हणून सांगितलं.

आली एक बाई. ती जिन्याच्या अर्ध्यावर असतानाच वरून तिघाचौघांनी ओरडून सांगितलं, धम्मपाल इथंच राहतो. चंपामावशीने त्याला लहानपणी अंघोळ घातल्याचं सांगितलं. लहू म्हणाला, मॅडम, तो मेलेला नाही. बाई म्हणाली, मी अजून काही विचारलेलंच नाही. तिच्या कपाळावर आठी पडली. परवा सगळे म्हणत होते वारला, आज म्हणतात अंघोळ घातली. तुम्हाला कुणी पढवलंय का? तिने पेनला टोपण लावलं.

जाता जाता बाई सीतारामबाबांपाशी थांबली. बाबा, तुम्ही वडीलधारे, तुम्ही तरी खरं सांगा, तो इथं किती वर्षं राहतो?

बाबांनी आधी तिच्या फाईलकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"जल्मापासनं," ते म्हणाले. "ह्येचा बाप आन मी गिरनीत येकाच साच्यावर. त्येची पाळी सुटली की माजी. संपात त्येच्यासाटी खोटं बोललो, ती खोड ऱ्हायली. परवा बी बोललो. पोरगं सोन्यासारखं हाय. त्येची लेक ह्या गॅलरीत बसून शिकतीया. तिला घर पायजेल, बाई. ल्हिवा."

बाईने पेनचं टोपण काढलं. बाबांची सही घेतली, चहाही घेतला.

संध्याकाळी मंजुरीचा मेसेज आला, अर्ध्या टक्क्याच्या सवलतीसकट. अक्षता हसत होती आणि डोळे पुसत होती. ओवी पेढ्यांचा बॉक्स घेऊन गॅलरीभर नाचली. बदलता दर घेतला म्हणून लहूने सगळं श्रेय स्वतःकडे घेऊन टाकलं, आणि चंपामावशी त्याच्याशी पुन्हा भांडायला लागली.

सीतारामबाबा पेढा हातात धरून बसले होते. धम्मपाल त्यांच्या पाया पडला.

"मी त्या पयल्या मानसाला काय सांगितलं हुतं?" त्यांनी विचारलं.

"इथं राहत नाही म्हणून," धम्मपाल म्हणाला.

"मंग खोटं कुटं बोललो? जरा आदी बोललो, येवढंच."